कान्हू रडत का नाही?

"सात झोळ्या, आन एकीतूनबी आवाज न्हाई!" गंगी पुटपुटली.

दिवाळीची सुट्टी होती आणि मळवलीच्या खाचरांत भातकापणी जोरात चालली होती. बांधावरच्या झाडांना सात तान्ही पोरं झोळ्यांत टांगलेली. गेल्या वर्षी हा बांध दिवसभर बोंबलायचा. यंदा मात्र चिडीचूप! मोठी माणसं भलतीच खूश होती. आठ महिन्यांच्या कान्हूची बहीण गंगी मात्र नव्हती.

तिनं कान्हूच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. एरवी पठ्ठ्या लाथ मारायचा. आज पाय ओल्या चिंधीसारखा तिच्या हातात पडून राहिला.

"आये, किती झोपंल ह्यो?"

"गप!" भागुबाई विळा न थांबवता म्हणाली. "तसं बोलू न्हाई. नजर लागती!"

मेख इथंच होती. मूल छान झोपतं असं बोलून दाखवायचं नाही, असा गावाचा नियम. त्यामुळं गावभर पोरं झोपत होती आणि गावभर कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

शेजारचा गोरख आणि खडकीहून सुट्टीला आलेली त्याची आतेबहीण चंपा धावत आले. झोळीच्या उशाला 'बाळकांती'ची बाटली होती. चंपानं लेबल वाचलं, "रंग उजळ, पोट साफ, दात विनात्रास, केस दाट. रोज एकच थेंब!"

लेबलवरच्या गोऱ्यापान बाळाला इतके दात आणि इतका नीट भांग होता, की ते बहुधा मॅट्रिक झालेलं असावं.

"ह्यात घातलंय काय?" गोरखनं विचारलं.

"तेवढंच लिहिलेलं नाही!"

गंगीनं बाटली उजेडात धरली. "परवा आणली, आन निम्मी संपली?"

ती बांधावर बसलेल्या आजोबांकडं, आबांकडं गेली. आबा इकडंतिकडं बघत कुजबुजले, "दुपारचं दोन थेंब देतो. तुज्या आयेला सांगू नगंस!" विठाबाई मावशीही हळूच म्हणाली, "म्याबी देते की! पोर उजळाया नगं?" सकाळी आई देतच होती. तिघं देत होते आणि तिघं गप्प होते!

गंगी आईकडं धावली. "आये, ह्ये औषध वाईट हाय!"

"वाईट कसं? छापलंय की त्याच्यावर!"

छापलेल्या अक्षरापुढं बोलून उपयोग नव्हता. गंगीनं कान्हूला खांद्यावर टाकलं आणि लोणावळ्याचा दवाखाना गाठायला थेट स्टेशनाची वाट धरली. मागं गोरख, चंपा, आणि त्यांच्यामागं विळा हातात घेऊन ओरडत भागुबाई, विठाबाई आणि निम्मं शेत!

फलाटावर गावोगाव बाळकांती विकणारे बजरंगशेठ बाटल्यांची पेटी पायाशी ठेवून लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत उभे होते. त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता.

"शेठ, मोठ्यांना चालतं का ह्ये?" गंगीनं धापा टाकत विचारलं.

"अमृत आहे, पोरी! सगळ्यांना चालतं!"

"मग घ्या की!" गोरखनं बरोबर आणलेल्या बाटलीचं बूच काढलं. "कान्हूनं निम्मी बाटली घेतली. तुमी निदान उरलेली! केसबी येतील!"

"वेडा आहेस का?" शेठ उखडले. "मला लोणावळ्याला उतरायचंय! आत्ता घेतलं तर डोळे थेट कर्जतला उघडतील!"

भागुबाईच्या हातून विळा गळून पडला.

"म्हंजी... ह्यात झोपेचं हाय?"

शेठ पेटी उचलायला वाकले. पण पेटीवर विठाबाई बसली होती.

गाडी आली. सगळे चढले, शेठही. त्यांना दोन्ही दंडांना धरून चढवण्यात आलं. गंगी कान्हूच्या नाकाशी बोट धरून बसली. श्वास येई. मग थांबे. मग खूप वेळानं पुन्हा येई. लोणावळा इतकं लांब आहे, हे तिला आजच कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली हुंगली. "अफू!" एवढंच म्हणून ते कान्हूला घेऊन आत गेले. बाहेर कुणी कुणाकडं बघेना.

किती वेळ गेला कोण जाणे. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. मग छप्पर उडेल असं भोकाड!

डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. "आणखी उशीर झाला असता तर... ओळखलं कुणी?"

सगळ्यांनी गंगीकडं बोट दाखवलं.

"पोर रडलं की सगळेच धावतात. रडत नाही म्हणून धावलेली तू पहिलीच! शाबास!" मग ते शेठकडं वळले. "पोलीस येईपर्यंत तुम्ही बसा. झोप आली तरी चालेल."

बाकीच्या सहा पोरांना आणायला जीप निघाली. वाट दाखवायला गोरख आणि चंपा आधीच आत चढून बसले होते.

कान्हू लालबुंद होऊन किंचाळत होता. गंगी सवयीनं त्याला थोपटू लागली, तसा भागुबाईनं तिचा हात धरला. तिचे डोळे वाहत होते.

"थोपटू नगंस," ती म्हणाली. "रड रं माज्या राजा! आनखी रड!"