राहिलेलं दान

धाकटीने बाबांसाठी फासा केला तो मोठ्या हौसेने. पक्षाघातानंतर त्यांच्या हाताने खरा फासा टाकवेना. मग नखाएवढी चिप, सात बारीक दिवे आणि अंगठ्याने दाबायचं एक बटण. दाबलं की दान! घरात लुडो पुन्हा रंगायला लागला.

पण बाई एक गफलत करून बसली. अशा चिपला दर खेपेला नवी सुरुवात द्यावी लागते, नाहीतर चालू केली की तेच आकडे, त्याच क्रमाने. प्रोग्राममधली ती एक ओळ लिहायची राहिली. आणि बाबांना फासा की हो पाठ झाला!

"दोन, पाच, दोन, तीन, मग सहा," ते खुदकन हसत. "अगं, तुझा फासा पोपटासारखा घोकतोय. दुरुस्त कर, मग खेळायला मजा."

"रविवारी करते हं, बाबा. नक्की."

किती रविवार गेले, देव जाणे. शेवटच्या संध्याकाळी बाबांची एकच सोंगटी घरात अडकली होती. सहा पडल्याशिवाय ती निघणार नव्हती. फासा नुकताच चालू केलेला; दोन, पाच, दोन, तीन पडून झालं होतं.

"एवढं दान टाकू दे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. "आलेच," म्हणत तिने फासा बंद केला आणि गेली. बोलणं लांबलं. परतली तेव्हा बाबांचा डोळा लागला होता. ते पुन्हा उठलेच नाहीत.

पट कुणी आवरला नाही. एका दुपारी धाकटी त्यांच्या खोलीत बसली आणि राहिलेली ओळ लिहिली. एवढंसं काम ते! तिचा जीव नुसता तुटत होता. फासा पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला. दर खेपेला आकडे निराळेच.

"झाला बघा, बाबा," म्हणाली आणि पोटभर रडली. मग विजेची वायर उपटून फासा पटावर ठेवला.

दिवे लागले.

दोन... पाच... दोन... तीन...

बाबांच्या खांद्याला चोळायच्या मलमाचा वास खोलीभर पसरला. तिने खाली पाहिलं. वायर तर तिच्या मांडीवर होती.

तीनवर दिवे थांबले, ते थांबूनच राहिले.

"बाबा...?" ती पटाजवळ सरकली. "टाका ना... टाका तुमचं दान. मी नाही जात कुठे."

बटण हळूच खाली गेलं. सहा.

तिने त्यांची सोंगटी बाहेर काढली. तेवढ्यात बाहेर फोन वाजायला लागला. सवयीने ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. सहा पडलं की आणखी एक दान मिळतं.

बटण अजून दबलेलंच होतं.