तुलनेला हेल्वी

हेल्वी कोर्टेलाइनेन गेली सहा वर्षं एका खुर्चीत दोन नोकऱ्या करत होती. वॉर्डातून नमुने आणणारा माणूस निवृत्त झाला, त्याची जागा भरायचं वर कुणाच्या तरी टेबलावर राहून गेलं, आणि जिने चढायचं काम पेशी वाढवायच्या कामाला येऊन चिकटलं. औलू शहरातल्या त्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या लॅबपासून मुलांच्या वॉर्डापर्यंत अठ्ठ्याण्णव पायऱ्या. हेल्वीनं त्या मोजल्या होत्या, कारण मोजणं ही तिची खोड होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेही मोजलेले.

लॅबचा सगळा प्रपंच ज्या एन्झाइमवर चालला होता, त्याचीही तीच गत. एका अंगानं बाईच्या शरीरातलं संप्रेरक निकामी करायचं, दुसऱ्या अंगानं चरबीच्या लांबलचक साखळ्या कातरायच्या. बरीच वर्षं वेगवेगळ्या गावच्या शास्त्रज्ञांनी त्याला वेगवेगळी नावं देऊन दोन निरनिराळी एन्झाइमं समजून पाळलं होतं. "नावं दोन, राबणारा एक," मोजायच्या यंत्रावर बसणारा राइमो म्हणायचा. "हेल्वी, तुझी सख्खी बहीण ती."

हे एन्झाइम ज्या मुलात जन्मापासून मोडकं, ते मूल अंगानं सैल, झटके येणारं, कानानं बहिरं. दुसरा वाढदिवस क्वचितच. निदान करायचं तर मुलाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या आणि न कातरलेली चरबी मोजायची. पण मोजमापाला समोर धडधाकट माणसाची बशी लागते. लॅबमध्ये तिला कंट्रोल म्हणतात. १९७९ साली धडधाकट कातडी मिळेना, तेव्हा नव्यानं लागलेल्या हेल्वीनं बाही वर केली होती. तेव्हापासून उत्तर फिनलंडमधलं प्रत्येक आजारी पोर हेल्वीशी ताडून पाहिलं गेलं. हेल्वीचा आकडा एक धरायचा. पोराचा आठ-नऊ आला की समजायचं.

एकोणीस वर्षं हेल्वीचा आकडा एकच होता.

नोव्हेंबरात ती एक्केचाळीस नंबरचा नमुना आणायला वर गेली. आई कुसामो गावाकडची, बेकरीत काम करणारी, औटी नावाची. पाच महिन्यांचं पोर तिच्या हातावर ओल्या टॉवेलासारखं लोंबत होतं.

"हा एटू," औटी म्हणाली. "बापावर गेलाय. हाक मारली तर ओ देत नाही."

हसावं की नाही, हेल्वीला कळेना.

"किती दिवस लागतील, मावशी?"

"सहा आठवडे. पेशींना घाई करता येत नाही."

"वाईट निघालं तर?"

"ते डॉक्टर सांगतील."

"तुम्ही सांगा हो. डॉक्टर इतकं गोड बोलतात की मला कळतच नाही काही."

"वाईट निघालं तर औषध नाही," हेल्वी म्हणाली, आणि उतरताना अठ्ठ्याण्णवही पायऱ्या स्वतःला शिव्या देत उतरली.

जानेवारीत पहिला आकडा आला. एक्केचाळीसचा नऊ, हेल्वीचा एक. स्पष्ट. नियम म्हणून पुन्हा मोजायचं. दोन्ही बशा ऊबपेटीत शेजारीशेजारी पाच दिवस ठेवल्या. या वेळी पोराचा सात आला, हेल्वीचा तीन.

"बशा बदलल्यास," राइमो म्हणाला. "म्हातारी झालीस."

"तू चष्मा पूस आधी."

तिसऱ्यांदा तिनं बशांच्या बुडाशी स्वतः नंबर कोरले आणि राइमोला उभं करून प्रत्येक पायरी दाखवली. तो कंटाळून जांभया देत उभा राहिला. आकडे आल्यावर त्याची जांभई अर्ध्यात राहिली. पोराचा चार. हेल्वीचा सहा.

त्याच आठवड्यात मुलांच्या वॉर्डाच्या डॉक्टर वुओतिलाबाई स्वतः खाली आल्या. एरवी त्या फोनवर भागवत. "तुमच्या एक्केचाळीसला बारा दिवसांत एकही झटका नाही," त्या म्हणाल्या. "नजर धरायला लागलाय. आणि औषध मी बदललेलंसुद्धा नाही. हेल्वी, अहवाल कधी?"

"ताळा जमत नाही अजून."

"काय?" डॉक्टरांनी विचारलं, कारण हेल्वी नको इतकं मोठ्यानं बोलली होती.

हे तिच्या अलीकडे ध्यानात येत होतं. ऊबपेटीचा गजर तिला ऐकू यायचा तो राइमोनं बंद केल्यावर, म्हणजे ऐकू यायचाच नाही. हातातून चमचे निसटत. चर्चच्या गायनवृंदात ती तीस वर्षं खालच्या पट्टीत गात होती. परवा शेजारणीनं कोपर मारलं, कारण गाणं संपलं होतं आणि हेल्वी गातच होती. वयाचं आहे, ती म्हणाली. घरी जाऊन पायमोजेसुद्धा न काढता झोपली.

पण ती मोजणारी बाई होती. तिनं द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून सगळ्यात जुनी कुपी काढली. तिच्याच पेशी, १९७९ सालच्या, चाळीस वर्षांच्या हेल्वीच्या. एकोणीस वर्षं गोठून पडलेल्या. कुणी टोपणही उघडलं नव्हतं. त्या जाग्या केल्या, एकट्याच वाढवल्या, मोजल्या.

सहा.

राइमोनं कागद दोनदा वाचला. मग बाही वर केली. "घे माझी. निम्मं सॉसेज आहे, निम्मी बिअर. पण घे."

त्याच्या पेशी वाढायला मार्च उजाडला. राइमोची बशी एक्केचाळीसच्या शेजारी ठेवली. राइमोचा एक, पोराचा चार. पुन्हा ठेवली. एक, चार. राइमो जिथल्या तिथे, पोरही जिथल्या तिथे.

आणि वर वॉर्डातही तेच. हेल्वी दुसराच नमुना आणायला गेली, तर औटीनं तिला गाठलं. "थांबलाय हो मध्येच," ती म्हणाली. "माझ्याकडे बघतो. पण ऐकत नाही. काल परत झटका आला. असा अर्ध्यात कसा थांबला, मावशी?" तिच्या अंगाला वॉर्डाचा वास होता, बेकरीचा गेला होता.

हेल्वीला निम्मे शब्द ओठांवरून जुळवावे लागले.

खाली आली तेव्हा राइमो यंत्राकडे तोंड करून बसला होता. बाहेर उजळ बर्फ होतं, आणि त्या उजेडात तो बराच म्हातारा दिसत होता. ती जवळ जाऊन उभी राहिल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, "शेवटच्या अहवालाला माझी बशी लाव. तुझी नको."

"का?"

"का म्हणून विचारू नकोस. मी यंत्रवाला माणूस आहे. यंत्रानं दिलं ते मी लिहितो, त्याच्यापुढं मला जायचं नाही." मग आवाज आणखी चढवून, "चौदाचे दहा राहिलेत ना महिने? गुमान जा घरी. मासे धर."

"ऐकलं," हेल्वी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिनं ऊबपेटीचं दार उघडलं. फळीवर पोराची बशी होती. हातात दोन होत्या, एक राइमोची, एक तिची.

तिला काही उदात्त वगैरे वाटलं नाही. ती फार दमली होती. एवढंच मनात आलं की कुणीतरी हे काम अर्ध्यात सोडून गेलंय, आणि दुसरं कुणी येणार नाहीये.

तिनं आपली बशी ठेवली.

थोडी सरकवली. काचेला काच टेकेपर्यंत.

बुधवारी आकडे आले. पोराचा एक.

हेल्वीचा नऊ.

राइमो काही बोलला असावा. तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि अहवाल लिहायला घेतला. पेन दोन्ही हातांनी धरावं लागलं. लॅब अशी शांत झाली होती, जणू बाहेरचं बर्फ आत येऊन बसलंय.

पुढच्या सोमवारी औटी पोराला घेऊन खाली आली. असं कुणी येत नसे. तिनं वेलदोड्याच्या पावाची पिशवी टेबलावर ठेवली, पोराला मांडीवर बसवलं, आणि पोर बसलं. ताठ, मान धरून, एखाद्या कारकुनासारखं.

हेल्वीनं खुर्ची अगदी पुढे ओढली. डाव्या कानाला अजून थोडं यायचं, बंद दाराआडून यावं तसं.

"सगळं ऐकतो आता!" औटी तिच्या कानाशी ओरडून सांगत होती. "नळ ऐकतो, चमचा ऐकतो, शेजारची खाट सरकली तरी बघतो. फक्त नावाला वळत नाही. बघा." तिनं पोराच्या मागे तोंड नेऊन हाक मारली. एटू. परत मारली. पोर हेल्वीकडे बघत राहिलं. "बघितलंत? सांगितलं ना, बापाचं पोर."

हेल्वी हसली. तिनं बोट पुढे केलं, पोरानं ते धरलं. पकड चांगली होती, तिच्यापेक्षा चांगली.

तेवढ्यात पोरानं मान वळवली. झटकन, दाराकडे.

औटीचा चेहरा उजळला. हेल्वीनं वळून पाहिलं. दारात राइमो उभा होता, हातात कॉफीचं भांडं. तो तिच्या पाठीकडे बघत बोलत असावा, कारण आता त्याचे ओठ पुन्हा हलले, आणि एवढा एक शब्द तिला ओठांवरून वाचता येत होता. एकोणीस वर्षं तो दुपारी दोनला कॉफीसाठी तीच हाक मारत आला होता.

हेल्वी.

पोरानं तोंड उघडलं आणि ओ दिली.

काय म्हणालं, ते हेल्वीला ऐकू आलं नाही. औटीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्याच्या मागे काही उरलं नाही. राइमोनं मात्र मान डोलावली, विचारल्याचं उत्तर मिळालेल्या माणसासारखी, आणि कॉफी ओतायला तो वळून चालू लागला.

दोन पावलं गेल्यावर, ओ कुणी दिली ते आत्ता ध्यानात आल्यासारखा, तो थांबला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही.