दोन किलोचं पार्सल

इकडे आखातात, मुऐदरच्या घरी गच्चीवर जेवणं आटोपली आणि शौनक, आसावरी ही नातवंडं भुताची गोष्ट हवी म्हणून हटून बसली. गोविंदरावांनी सावकाश बडीशेप तोंडात टाकली. "घाबरायचं तर घाबरा," ते म्हणाले. "मला मात्र ही सांगताना वाईटच वाटतं. आपल्या गिरीशच्या बाबतीत घडलेली आहे. त्याने रडत रडत सांगितली होती." आणि त्यांनी सुरुवात केली.

पाच मार्च दोन हजार पंचवीस, बुधवार. रमजानचा पाचवा रोजा कधीच सुटला होता, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. गिरीश अल मन्सूरातल्या आपल्या जुन्या बिल्डिंगकडे निघाला होता, एक बुटांचा खोका आणायला. बिल्डिंग पाडायची होती. वॉचमनने फोनवर बजावलं होतं, "आज ही आओ साब, कल खलास."

हा खोका कुठला, तेही ऐका. त्या कंपनीच्या खोलीत पूर्वी गिरीश आणि वसईचा पीटर राहायचे. बरोबर पाच वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, पीटर पंधरा दिवसांच्या सुट्टीवर निघाला होता. निघण्याआधी आपण सगळेच करतो तो उद्योग चालला होता, टांगत्या काट्यावर बॅग तोलण्याचा. काटा तीस किलोच्या खाली येईना. येणार कसा? गिरीशरावांनी ऐन वेळी दोन किलोचं पार्सल आणून दिलं होतं, नाशिकच्या आईसाठी खजूर आणि बदाम. इथून जाणाऱ्याला कोणी काही दिलं तर तो नाही म्हणत नाही. पीटरने आपल्या लेकीसाठी घेतलेले पांढरे बूट बाहेर काढले. एप्रिलमध्ये जेनिफरचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन होतं.

"आईचं आधी जाऊ दे," तो म्हणाला. "बूट पुढच्या कोणाबरोबर तरी पाठव."

मग दोघांनी आलं घालून चहा केला, बिस्किटं बुडवून खाल्ली, मॅचवरून भांडले. टीव्हीवर त्या नव्या आजाराची बातमी लागली, तेव्हा पीटरने चॅनल बदललं. किती साधी रात्र होती ती, गिरीश अजून म्हणतो.

चार दिवसांत तिकडून इकडे यायचं बंद झालं. पुढे सगळा देशच बंद झाला. पीटर तिथेच अडकला, नोकरी गेली. नंतर विमानं सुरू झाली, ओळखीचे जाऊ लागले, पण गिरीश आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिला. एकवीसच्या एप्रिलमध्ये पीटर गेला, ऑक्सिजनची खाट शोधता शोधता. त्या महिन्यात देशात किती घरांत असं झालं, तुम्ही लहान होतात. त्यानंतर गिरीशला त्या खोक्याला हात लावायची लाज वाटू लागली. लग्न होऊन उल्का इथे आल्यावर त्याने बिऱ्हाड हलवलं, तेव्हाही खोका कपाटातच राहिला. खोलीला कुलूप लागलं.

आणि त्या बुधवारी पीटरच्या बायकोचा, लिझीचा फोन आला. "भाऊजी, ते बूट आहेत का हो? आता तिला होणार नाहीत. पण पप्पांनी घेतलेले म्हणून विचारते सारखी."

म्हणून तो निघाला होता.

तिसरा मजला. वीज तोडलेली. मोबाइलच्या उजेडात गिरीश जिना चढून वर आला आणि थबकला.

खोलीच्या दाराखाली पिवळा प्रकाश होता.

आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग काट्याचा... बीप.

"गिरीश... किती झाले, बघ रे."

पीटर.

आल्याच्या चहाचा वास...

पळायला तो वळला खरा. मग एकदम रडूच कोसळलं त्याला. दाराला कपाळ टेकून तो म्हणाला, "पीटर, माझं पार्सल काढ. बूट घाल."

त्याने दारावर थाप मारली.

"काढ रे... आईला मी देईन. आधी बूट."

आत काहीतरी खाली ठेवलं गेलं. चेन पुन्हा ओढली. हळूहळू... शेवटपर्यंत.

उजेड गेला.

त्याने वॉचमनकडची किल्ली लावून दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फरशीवर कित्येक वर्षांची धूळ, आणि तिच्यात एकही पाऊल नाही. कपाटात खोका नव्हता. त्या जागी...

गिरीशने तिथूनच वसईला फोन लावला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते.

"वहिनी, पीटरची ती बॅग कुठंय?"

"माळ्यावर. रिकामी आहे, भाऊजी. मीच रिकामी केली."

"उघडा."

शिडी सरकली, बॅग धपकन खाली आली. मग चेन ओढल्याचा आवाज. मग... जेनिफर रडत होती. पप्पा, पप्पा, म्हणत होती.

गिरीशने हळूच फोन ठेवला.

गोविंदराव उठून आत गेले आणि एक पुडकं घेऊन आले. ब्राउन टेप, वर गिरीशच्या अक्षरात नाशिकचा पत्ता.

"घरात ठेववत नाही म्हणून माझ्याकडे दिलंय त्याने. पीटरने वसईहून हेच नाशिकला पोचवलं होतं. गिरीशच्या आईने वीसच्या पाडव्याला फोडलं, महिनाभर पुरवून खाल्लं."

टेप एका कोपऱ्यात सुटली होती. आसावरीने भीत भीत आत बोट घातलं.

खजूर अजून मऊ होते.