काठावरचा प्रवाह

शर्मिष्ठा खांबेटे नियंत्रणकक्षात आल्या तेव्हा पडद्यावरचा आलेख पुन्हा खाली घसरत होता. देवगडच्या सड्यावरची ही संमीलनभट्टी हायड्रोजनचे अणू एकत्र करून वीज देई. पण लांब चाचण्या सुरू झाल्यापासून, गेला आठवडाभर, ती एक्केचाळीस मिनिटांत विझत होती. सलग आठ तास पेटती राहिली तरच तालुक्याचे दिवे तिच्यावर लागणार होते, आणि तपासणी पथक चार दिवसांवर आलं होतं.

भट्टीतला प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, चुंबकांच्या पिंजऱ्यात फिरे. त्याच्या काठावर भोवरे उठत आणि आतली उष्णता बाहेर नेत. शर्मिष्ठाबाईंनी वीस वर्षांपूर्वी काठाभोवती एक विद्युतकडं बसवलं. त्याच्या विद्युतक्षेत्रामुळे शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या गतीने वाहत आणि भोवऱ्यांच्या चिंध्या होत. काठावरचा प्लाझ्मा मधूनच उचकी लागल्यासारखा बाहेर उसळे, तेही थांबलं. या कड्यानेच त्यांचं नाव झालं होतं.

मुख्य चालक अझीम परकार यांनी क्षेत्र वाढवायचं सुचवलं. वाढवलं, तर आग तेहतीस मिनिटांतच गेली.

बाई बराच वेळ गाभ्यातल्या प्रकाशाच्या नोंदी चाळत बसल्या. हेलियमची रेषा मिनिटामिनिटाला वर चढत होती.

"परकार, आपण राख कोंडतोय," त्या शांतपणे म्हणाल्या.

"राख म्हणजे हेलियम?"

"हो. आग जळते तसा तो साठतो आणि इंधन विरळ होतं. भोवरे उष्णता नेतात म्हणून आपण ते तोडले. राखही तेच नेत होते, आणि उरलेली त्या उचक्या. काठाची ही भिंत जितकी भक्कम, तितकी आग लवकर गुदमरणार."

परकारांना भीती होती ती मोठ्या उचक्यांची. जुन्या दिवसांत त्या उचक्यांनी भट्टीच्या आतल्या फरशा फोडल्या होत्या. बाईंनी सांगितलं, क्षेत्र टप्प्याटप्प्यानं कमी करा, पहिली बारीक उचकी दिसली की तिथेच थांबा. आपल्याच कड्याची वीज उतरवायचा हा हुकूम त्यांनी नोंदवहीत स्वतः लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भट्टी पेटवली. एक्केचाळिसावं मिनिट गेलं, आग पेटतीच राहिली. दुपारी बाई उपाहारगृहात जाऊन पोटभर जेवून आल्या, तेव्हा आग सहा तासांची झाली होती. फरशा शाबूत होत्या, हेलियमची रेषा आडवी पडली होती. पडद्यावर सेकंदाला वीसेक नाजूक उचक्या उमटत होत्या.

"कितीवर थांबलात?" त्यांनी विचारलं.

परकार जरा घुटमळले. "कुठेच नाही, मॅडम. उचकी दिसेचना, म्हणून उतरवत गेलो. पहिली दिसली तेव्हा कड्यात वीजच नव्हती. साडेआठपासून ते बंद आहे."

बाईंनी काठावरच्या गतीचं मापन मागवलं. थर वाहत होते, वेगवेगळ्या गतीनेच. क्षेत्रही होतं. गाभा तप्त आणि काठ थंड, या तफावतीतून प्लाझ्मा आपलं काठक्षेत्र स्वतःच उभारतो, हे त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत. वीस वर्षांपूर्वीच्या कोमट ज्वालेत ते फार दुबळं पडे, एवढंच. आताची ज्वाला चौपट तापलेली होती. तिला पुरेल तेवढी भिंत ती बांधत होती, आणि राखेपुरती फटही ठेवत होती.

परकार त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. बाईंनी नोंदवही ओढून घेतली, 'विद्युतकडं' या रकान्यात ठळक शून्य लिहिलं, खाली सही केली आणि त्यांच्यासाठीही चहा सांगितला.