आवाजबंद खोलीतलं आमंत्रण

लग्न ठरलं त्या दिवशीच तिने जाहीर करून टाकलं, की पत्रिका आपण स्वतः करणार. आत्याने कपाळाला हात लावला. "का गं चिऊ, छापखाने काय ओस पडलेत?" पण चिऊच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते निघणं कठीण, हे आत्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आई गेल्यापासून तिला आत्यानेच वाढवलं होतं.

मग जेवणाचं टेबल काही आठवडे जेवणाचं राहिलंच नाही. गडद हिरव्या जाड कागदाचे ताव, कटर, पट्टी, डिंक. आमटीच्या वाटीत हिरवे कपटे तरंगायचे. होणारा नवरा संध्याकाळी यायचा आणि लॅपटॉप उघडून लग्नाची वेबसाइट करत बसायचा. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा. ती एका दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची आणि त्यांना कानाची मशीनं लावून द्यायची. "एक कानाची, एक डोळ्यांचा," आत्या म्हणायची, "आता तुमच्या पोरांना नाकाच्या डॉक्टरचं स्थळ बघायला मी मोकळी."

पत्रिकेवर एक चौकोनी कोड होता. त्याच्यावर फोन धरला की वेबसाइट उघडायची. फोटो, हॉलचा नकाशा, आणि उघडल्या उघडल्या तिच्या आवाजातलं आमंत्रण. ही आवाजाची कल्पना तिचीच. तिच्या पेशंटांपैकी निम्म्यांना बारीक अक्षर दिसत नसे, पण तिचा आवाज प्रत्येकाच्या ओळखीचा होता. मशीन चालू केल्यावर कित्येक वर्षांनी त्यांच्या कानात स्वच्छ शिरलेला तो पहिला आवाज असायचा. आत्याचंही मशीन तिनेच बसवलं होतं.

घरी रेकॉर्डिंग जमेना. वरच्या मजल्यावर ड्रिल, खाली कुत्री, मध्येच कुकरची शिट्टी. शेवटी ती म्हणाली, "दवाखान्यात जाऊ. आमच्या आवाजबंद खोलीत करू."

रविवारी दुपारी दोघं गेली. दवाखाना बंद होता, किल्ली तिच्याकडे होती. ऐकणं तपासायची ती खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढीच. चारही भिंतींना आणि छताला राखाडी फोम, खाली सतरंजी, एक खुर्ची, आणि बाहेरच्या माणसाला आत दिसावं म्हणून जाड दुहेरी काच. दार लोटलं की कानावर हलका दाब यायचा, आणि मग काही नाही. पंख्याचा नाही, रस्त्याचा नाही, कसलाच आवाज नाही. आत जुन्या सतरंजीचा कोंदट वास होता. थोडं बसलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यायचं. नवे पेशंट घाबरायचे. तिला मात्र सवय होती.

तो काचेबाहेर बसला. तिने फोन समोर धरला आणि हसऱ्या आवाजात बोलली.

"नमस्कार. आमच्या लग्नाला नक्की यायचं हं. तुम्ही या, घरच्यांना आणा, आणखी कुणाला आणावंसं वाटलं तर त्यांनाही आणा. जागा भरपूर आहे. आम्ही वाट बघतोय."

पुढे थोडी शांतता सोड, असं त्याने सांगून ठेवलं होतं. तिने सोडली. काचेपलीकडून त्याने अंगठा दाखवला. त्या दोन-चार क्षणांत कानावरचा दाब किंचित वाढल्यासारखा वाटला, दार कुणी आणखी घट्ट लावून घ्यावं तसा. मग ती बाहेर आली, आणि दोघं चहा प्यायला गेली.

पत्रिका वाटून झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने हातात फोन धरून, कौतुकाने वेबसाइट उघडली आणि ऐकली.

"छान बोललीस गं. पण ती 'येते' म्हणाली ती कोण?"

"कोण 'येते' म्हणाली?"

"तुझं संपल्यावर. 'वाट बघतोय' म्हणालीस ना, त्यावर. बाई आहे कुणीतरी. 'येते हं,' म्हणाली."

चिऊने फोन कानाशी धरून ऐकलं. तिचा आवाज, मग शांतता. आत्याचं मशीन काढून तपासलं. साफ केलं, बॅटरी बदलली. आत्याने पुन्हा ऐकलं आणि मान डोलावली. "आहे की. गोड आवाज आहे."

त्याच आठवड्यात दवाखान्यात शिंपीकाका आले. जन्मभर कपडे शिवून आता घरी बसलेले, तिचे जुने पेशंट. त्यांचं मशीन साफ करत असताना ते म्हणाले, "पत्रिका झकास हो ताई. आणि ते उत्तर देणारं पण छान सुचलं तुम्हाला."

तिचा हात थांबला. "कसलं उत्तर, काका?"

"त्या बाई म्हणतात ना शेवटी... 'नक्की येते, सगळ्यांना घेऊन येते.' आमच्या घरच्यांना काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, बहिरा मी का तुम्ही?" काका स्वतःच्या विनोदावर मनापासून हसले. तिला हसू आलं नाही.

पुढे आणखी दोघातिघांचे फोन आले. सगळ्यांची मशीनं तिने त्या खोलीत बसवलेली. चांगल्या कानांच्या एकाही माणसाने तसं काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तिने होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उघडलं. तिच्या शब्दांचे डोंगर पडद्यावर उभे राहिले आणि त्यांच्यापुढे सरळ सपाट रेघ. "बघ, काही नाहीये," तो म्हणाला. "चला, एक पाहुणी तर पक्की झाली." मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि थट्टा आवरती घेतली. "काढून टाकतो आवाज. फोटो आणि नकाशा पुरे."

त्याने तिच्यादेखत आवाज काढून टाकला.

सकाळी ती चहा गाळत असताना बाहेरच्या खोलीतून आत्याची हाक आली. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"चिऊ... तुझं बोलणं काढलंस का गं?"

"हो. कालच काढलं."

"मग आता ती एकटीच बोलते आहे."

चहाची गाळणी हातात तशीच घेऊन चिऊ दारात आली. आत्याच्या मांडीवर फोन होता, पडद्यावर दोघांचा हसरा फोटो.

"काय म्हणते?"

"आमंत्रण देते," आत्या हळूच म्हणाली. "तुझंच. शब्द न शब्द. तुम्ही या, घरच्यांना आणा, आणखी कुणाला आणावंसं वाटलं तर त्यांनाही आणा..." आत्याने मशीन कानातून काढलं आणि मुठीत दाबून धरलं. "कुणाला बोलावते आहे गं ती?"

त्या दिवशी वेबसाइटच बंद केली. दुपारी चिऊ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. दवाखाना त्यांचा. फार बोलणाऱ्या बाई नव्हेत. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्या हसतील, नाहीतर रजा घे म्हणतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्या खोलीत तू एकटी होतीस?"

"हो. हा बाहेर काचेपाशी होता."

"आणि कुणाला तरी 'या' म्हणालीस."

"सगळ्यांनाच म्हणाले. रेकॉर्डिंग होतं, बाई."

डॉक्टरबाईंनी खोलीचं दार नीट लागलंय का ते पाहिलं. "मी तिथे पेशंट असल्याशिवाय तोंड उघडत नाही," त्या म्हणाल्या. "का ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. नवीन होते तेव्हा एकदा, खोली रिकामी समजून, 'कोण आहे?' असं विचारलं होतं. तेव्हापासून नाही बोलत."

"काही उत्तर आलं होतं?"

त्यांनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं.

होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "बोलावणं तू केलंस. तूच जाऊन नाही म्हणून सांग. निदान तुझ्या मनाला तरी बरं वाटेल." आत्याचं जुनं मशीन कपाटात पडून होतं. तिने त्यात बॅटरी घातली आणि पुढच्या रविवारी भर दुपारी दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. तो काचेशी उभा राहिला, या वेळी बसला नाही.

तिने मशीन डाव्या कानात घातलं आणि दार ओढून घेतलं. कानावर दाब आला. सतरंजीचा तोच वास. मशीनमधून आधी बारीक सळसळ ऐकू आली, मग तिचा स्वतःचा श्वास, मोठा होऊन.

"मी..." तिने खुर्चीची पाठ धरली. "मी त्या दिवशी बोलले, ते तुमच्यासाठी नव्हतं. चुकून झालं. तुम्ही येऊ नका. माफ करा... पण येऊ नका."

काही नाही. श्वास. सळसळ. तिने काचेकडे पाहिलं. तो तिच्याकडे एकटक बघत होता.

आणि डाव्या कानात, अगदी जवळून, कुणीतरी संकोचाने घसा साफ केला.

"अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसले," आवाज म्हणाला. तो तिचाच आवाज होता. तोच हसरा, पाहुण्यांसाठी ठेवणीतला आवाज. "आता त्यांना नाही कसं म्हणू?"

तिने दारावर अंग टाकलं. तो बाहेरून ओढतच होता. पुढे कितीतरी वेळ ती पायरीवर उन्हात बसून राहिली. तिचे हात गारठले होते आणि तो ते चोळत होता.

लग्न पुढे ढकलावं का, यावर घरात दोन दिवस खल झाला. आत्या म्हणाली, "भिऊन किती दिवस बसणार? ढकलाल, मग परत ठरवाल, परत बोलवाल. त्यापेक्षा जागा बदला." ते सगळ्यांना पटलं. त्याने धावपळ करून गावाच्या दुसऱ्या टोकाला एक हॉल मिळवला. नवीन पत्ता कुठेही लिहिला नाही. पाहुण्यांना एकेक करून फोन केले, तेही त्याने, स्वतःच्या आवाजात, भर रस्त्यावर उभं राहून. आत्याला तर लग्नाच्या सकाळी गाडीत बसल्यावर, कानाशी तोंड नेऊन सांगितलं. मशीन तिने घरीच ठेवलं. "आज मला काही ऐकायचं नाही," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघेन. तेवढं पुरे."

हॉल साधा होता. एकच दार, एका भिंतीला खिडक्या, समोर टेबल आणि फुलं. खुर्च्या गरजेपेक्षा जास्त मांडल्या होत्या. ऐनवेळी जागा बदलल्यामुळे माणसं कमीच आली. जी आली ती पुढे दाटीवाटीने बसली आणि मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या. नोंदणी लग्नाच्या सह्या करायच्या टेबलाशी तिचं तोंड दाराकडेच होतं. ती सारखी तिकडे बघत होती. शेवटचा पाहुणा आला, दार लागलं, आणि पुन्हा उघडलं नाही. तेव्हा कुठे तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. नवऱ्याने टेबलाखाली तिचा हात दाबला.

सह्या चालू असताना शिंपीकाका उठले. ते मधल्या रांगेत बसले होते, त्यांच्या मागच्या सगळ्या रांगा मोकळ्या. ते मान लववून खुर्चीतून बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. वयस्कर माणूस, गुडघे दुखणारा.

लग्न लागलं. टाळ्या झाल्या. ती आधी काकांकडे गेली.

"काका, उभे का? बसा ना."

"असू द्या हो ताई." त्यांनी कानातलं मशीन नीट केलं आणि सौजन्याने हसले. "बायका उभ्या होत्या मागे. बसायला जागा आहे का, विचारत होत्या. म्हटलं, घ्या. तुमच्याकडची माणसं फार बरी. एवढी गर्दी, पण कशी हळू आवाजात बोलतात."

तिने काकांचा हात धरून त्यांना पुढे नेऊन बसवलं आणि जेवण होईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

पाहुणे गेले. हॉलचा माणूस खुर्च्या एकात एक घालायला लागला. पुढच्या रांगा झाल्या, मधल्या झाल्या. मागे गेल्यावर तो थबकला. एका खुर्चीवर हात ठेवला, मग शेजारच्या, मग तिच्या पलीकडच्या.

"साहेब," त्याने नवऱ्याला हाक मारली, "इथे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. का?"

"गरम लागतात खुर्च्या. माणूस आत्ता उठून गेल्यासारख्या."

"ऊन आलं असेल," नवरा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने खिडक्यांकडे पाहिलं. त्या दुसऱ्या भिंतीला होत्या. तिथून इथवर ऊन पोचत नव्हतं.

चिऊ चालत मागे गेली. अगदी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिने तळहात टेकवला. प्लॅस्टिक उबदार होतं. थोडा वेळ थांबू, निवेल, असं तिने मनाशी ठरवलं. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. हॉलच्या माणसाने पुढचे दिवे मालवले. बाहेर गाडीत आत्या वाट बघत होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

तिने हात काढला नाही. खुर्ची काही केल्या गार होईना.