त्याची कातडी, तिचा हात

"कावून ओरडून राहिल्या? अजून टोचलंच नाई!"

प्रमोदिनीनं एक डोळा उघडला. समोर पांढऱ्या कोटातला उंच, सावळा तरुण. हातात सुई, ओठांत दाबलेलं हसू. मावसबहिणीच्या लग्नाला अमरावतीहून अकोल्याला आलेली प्रमोदिनी, अनारशांची कढई उलटली आणि भाजलेला डावा हात घेऊन थेट दवाखान्यात मुक्कामाला! आणि हा भगवंत, रोज तिचं रक्त तपासायला नेणारा.

"रोज रोज काय नेता हो? पिता की काय?"

"पितो ना. गोड आहे."

बोलून गेला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला!

झालं! दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनी मावशीकडून वेणी घालून घेऊन सुईची वाट बघायला लागली. सुईची! सांगून कुणाला खरं वाटेल?

पण जखम भरेना, ताप हटेना.

"ताप आहे तोवर तिची स्वतःची काढता येणार नाही. दुसऱ्या कुणाची कातडी लावून बघू," डॉक्टर म्हणाले. "टिकली तर टिकली. नाहीतर तेवढे दिवस जखम झाकलेली राहील."

वडील, बापूसाहेब वकील, पुढे झाले. पण त्यांना मधुमेह. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा दारातून आवाज आला, "माही घ्या."

भगवंत बाळापूरच्या बौद्ध घरातला. बापूसाहेबांना ते ठाऊक होतं. तरी त्या दिवशी त्यांनी हात जोडले.

कातडी बसली. गुलाबी, जिवंत... मांडीची कातडी दिलेला भगवंत लंगडत लंगडत यायचा.

"कशी आहे माही?"

"तुमची कोण?" ती भुवया उंचावायची.

"का... कातडी!"

तो गेला की ती हळूच पट्टीवर गाल टेकवायची. एकदा बापूसाहेबांनी ते दारातून पाहिलं.

मग एका सकाळी पट्टी सुटली... कडा काळ्या पडलेल्या. दोन-तीन दिवसांत तुकडाच गळून आला.

"पाहिलंत?" बापूसाहेब म्हणाले. "शरीरालाही परकं कळतं. मोर्शीचं स्थळ सांगून आलंय, त्याला मी आता होकार कळवतो."

प्रमोदिनीनं उघड्या जखमेकडे पाहिलं. माझ्याच अंगानं हाकललं त्याला?

"तुमची असती तरी गळालीच असती, बापूसाहेब!" डॉक्टर तडकले. "तिच्या आईचीसुद्धा. रक्तातल्या पेशी सगळ्याच परक्यांशी लढतात. पण पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं, ते कसं टिकतं? म्हणजे काही पेशी बाकीच्यांना 'थांबा' म्हणत असणार, एखाद्या प्रथिनाकरवी सांगावा धाडत असणार. तो सांगावा आम्हाला कळला असता तर..."

"दुसऱ्या पायाची काढा ना!" भगवंत कळवळला.

"आणखी लवकर गळेल. एकदा आलेल्याला रक्त विसरत नाही."

बापूसाहेबांनी सगळं ऐकलं. आणि तरी संध्याकाळच्या मोटारीची तिकिटं काढली. ताप उतरला होता. आता तिच्याच अंगाची कातडी अमरावतीला लावता येणार होती.

फाटकाशी भगवंत उभा होता.

"मले वाटलं होतं, टिकन."

"मलाही..." तिनं पट्टीचा हात पुढे केला. "पण ऐकलंत ना? माझ्या रक्तानं तुम्हाला ओळखून ठेवलंय. एकट्या तुम्हाला."

"दुश्मन म्हणून."

"रक्तानं! मी नाही. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

त्याचा हात पुढे आला... आणि पट्टीपासून बोटभर अंतरावर थांबला.

"दुखन तुले."

पहिल्यांदाच तो तिला 'तुले' म्हणाला. आणि मागून बापूसाहेबांनी हाक मारली.