कर्नल थांबवला तेव्हा

खरं माना असं म्हणत नाही. पण हे घडलेलं आहे. लातुरात, गेल्या उन्हाळ्यात.

रात्रही नव्हती. भर दुपार होती.

अमरनाथ श्वासयंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. यंत्राचं सॉफ्टवेअर त्याचं. तसलंच एक यंत्र त्याच्या घरात, आतल्या खोलीत, आई मल्लम्माच्या नाकाला लावलेलं.

आणि ते मधेच बंद पडत होतं.

"अण्णा, परत थांबलं बघ," बहीण अंबिका दारात आली. "चापट मारली तवा चालू झालं. तू काय खेळून राहिलास हितं?"

"दोषच हुडकून राहिलो, बाई."

मुरुडहून एक यंत्र परत आलं होतं. मडिवाळप्पा नावाचे म्हातारे झोपेत असताना ते बंद पडलं. म्हातारे गेले.

त्यातलं सगळं अमरनाथने लॅपटॉपवर उतरवून घेतलं. यंत्राचा कर्नल, म्हणजे सगळ्यांवर हुकूम चालवणारा गाभा, त्याने एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा तिथेच सुरू केला. दोष शोधायची ही रीत. हवा तिथे थांबवायचा, आत डोकावायचं. थांबवला की आतलं घड्याळही थांबतं.

पडद्यावर ओळ आली…

श्वास.

पुन्हा…

श्वास.

नळी नव्हती. मास्क नव्हता. माणूस नव्हता.

जुनी नोंद असेल म्हणून त्याने नोंदी पुसल्या.

श्वास.

त्याने कर्नल थांबवला.

ओळी थांबल्या. आणि पाठीमागे… कुणाचा तरी दम अडकला.

"अंबिका?"

"आईपाशी हाय मी!"

त्याने कर्नल चालू केला. मागून लांब सुस्कारा.

थांबवला. घरघर.

चालू.

सुस्कारा.

"अण्णा! बंद पडलं! ओठ निळे पडून राहिलेत आईचे!"

अमरनाथ धावला. चापटा मारून, हलवून, कसंबसं यंत्र सुरू झालं. दुसरं यंत्र नांदेडहून निघालं होतं, पण ते येणार संध्याकाळी. तोवर पुन्हा थांबलं तर?

तो परत लॅपटॉपपुढे खुर्चीवर बसला. दोष वाचायचा तर थांबवून ठेवणं भाग होतं.

थांबवला.

घरघर.

तो वाचत राहिला.

खुर्चीच्या पाठीला नखं लागली…

तो वाचत राहिला.

"मडिवाळप्पा, जरा कळ काढा," तो पुटपुटला. "माझी आई हाय हो."

नखं

 

 

 

काहीच नाही.

दोष सापडला. यंत्राचे दोन भाग एकमेकांची वाट बघत अडकून बसत होते. त्याने तो दुरुस्त केला, आईच्या यंत्रात घातला. यंत्र पुन्हा थांबलं नाही.

मग त्याने लॅपटॉपवरचा कर्नल चालू केला. सगळं नीट चाललं.

श्वासाची ओळ मात्र आली नाही.

दिवेलागणीला तो आईच्या उशाशी बसला. तिने डोळे उघडले.

"अमर, त्यांना बसा म्हण की. कवाचे उभे हायेत."

"कुणाला, आई?"

"तुझ्या मागं… तोंड उघडून राहिलेत बिचारे. पर दम घेईनात."

तो प्रोग्रॅम अमरनाथने अजून बंद केलेला नाही. येता-जाता पडदा बघतो. एक तरी ओळ यावी म्हणून.